डाळींचे स्वभाव

एखाद्याचा बेत फसला की मराठी माणूस म्हणतो, "त्याची डाळ शिजली नाही." भाषेत हा वाक्प्रचार आला तो स्वयंपाकघरातूनच. तांदूळ सहसा शिजतो, भाजीही शिजते. डाळ मात्र कधी अर्ध्या तासात लोण्यासारखी मऊ होते, तर कधी दोन तास उकळूनही तिचे दाणे पातेल्याच्या तळाशी खड्यांसारखे वाजत राहतात. मग गृहिणी दुकानदाराला बोल लावते, दुकानदार पाण्याला नावे ठेवतो, आणि शेजारच्या काकू सांगतात, "वहिनी, चिमूटभर सोडा टाका, म्हणजे झाले." वस्तुतः डाळ शिजण्याची आणि न शिजण्याची कारणे ठरलेली आहेत व ती कोणालाही समजण्यासारखी आहेत. प्रत्येक डाळीला तिचा स्वभाव असतो. ज्या घराने तो ओळखला, त्या घरात थोड्या पैशांत पोटभर आणि कसदार अन्न मिळते.

या विषयाचा विचार करण्यास हैदराबादइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याचे भाषावार तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि तेलंगण आंध्रात आले. पण ज्या जमिनीत तूर पिकते ती जमीन काही वाटली गेली नाही. मराठवाड्यातील लातूर, कर्नाटकातील कलबुर्गी आणि तेलंगणातील तांडूर ही तिन्ही ठिकाणे आजही तुरीसाठी नावाजलेली आहेत. त्यांपैकी कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली आणि तांडूरच्या तुरीला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बेगम बाजारच्या पेढ्यांवर हीच तूर मराठी गिऱ्हाइकासाठी तुरीची डाळ असते, तेलुगू शेजारणीसाठी कंदिपप्पु, कानडी घरासाठी तोगरी बेळे आणि दखनी बोलणाऱ्या बीबीसाठी तुवर की दाल. नावे चार, पण पोते एकच.

तेव्हा प्रारंभ तुरीपासूनच करावा. मृगाच्या आगेमागे पेरलेली तूर पौष-माघात काढणीस येते. इतका काळ शेतात उभ्या राहणाऱ्या या पिकाचे दाणे टणक असतात आणि त्यांचे साल आतील डाळीस डिंकासारख्या द्रव्याने घट्ट चिकटलेले असते. हे साल सुटावे म्हणून पूर्वी घरोघर तूर भिजवीत, तिला काव किंवा तांबडी माती चोळीत, उन्हात वाळवीत आणि मग जात्यावर भरडीत. या ओल्या पद्धतीने साल चांगले निघते, डाळ कमी फुटते. मात्र अशी डाळ शिजण्यास अधिक वेळ घेते. तेलाचा हात लावून, वाळवून, कोरडी भरडलेली डाळ त्या मानाने लवकर शिजते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने, जी १९५० साली सुरू झाली, डाळीचा तुटवा कमी करणाऱ्या सुधारलेल्या रीती गिरण्यांना दाखविल्या. डाळ घेताना ती कोणत्या रीतीने भरडली आहे, एवढे दुकानदारास विचारण्यात संकोच कसला?

दुसरी विचारण्याची गोष्ट म्हणजे डाळीचे वय. तांदूळ जुना चांगला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तोच न्याय डाळीला लावणे चुकीचे ठरते. उष्ण व दमट जागी वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या डाळीच्या पेशींच्या भिंती अशा काही बदलतात की मग ती कितीही उकळली तरी फुलत नाही. म्हणून वर्षाची डाळ भरून ठेवणाऱ्या घराने ती नव्या पिकाची घ्यावी, कडक ऊन द्यावे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

डाळीनंतर पाण्याचा विचार. मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादसाठी उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. त्यांतले पहिले १९२० साली व दुसरे १९२७ साली पुरे झाले. पुढे मांजरा, कृष्णा व गोदावरी या नद्यांचे पाणीही शहरास मिळू लागले. असे तलावा-नद्यांचे पाणी सामान्यतः मऊ असते. परंतु वाढत्या वस्त्यांतील कित्येक घरे खोल विंधणविहिरींवर अवलंबून आहेत, आणि खडकातून वर येणारे ते पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याची व मॅग्नेशियमची द्रव्ये डाळीतील पेक्टिन नावाच्या पदार्थाशी जखडली जातात. पेक्टिन म्हणजे दाण्याच्या पेशींना एकमेकींशी जोडणारा लेप. तो विरघळला तर डाळ मऊ होते. तो जखडला गेला तर दाणा दाण्यासारखाच राहतो. बंगल्यात बोअरचे पाणी आणि चाळीत नळाचे पाणी असेल, तर चाळीतली डाळ आधी शिजते, यात नवल नाही.

यावर सोड्याचा उपाय सर्वांना माहीत आहे. सोड्याने डाळ शिजते हे खरे. पण डाळीतील ब-१ हे जीवनसत्त्व त्यामुळे नष्ट होते. ज्या गुणासाठी डाळ खायची तोच गमावून ती मऊ करण्यात काय मिळविले? त्यापेक्षा बोअरचे पाणी आधी चांगले उकळून, निवू देऊन, तळाशी बसलेला पांढरा साका मागे ठेवून वापरावे. त्याने सर्वच जडपणा जातो असे नाही, पण बराच उतरतो. स्वयंपाकापुरते नळाचे किंवा पावसाचे पाणी राखून ठेवता आले तर उत्तमच. डाळ अर्धा तास भिजत घालावी आणि तिच्याच पाण्यात शिजवावी. आजच्या घरात प्रेशर कुकर असतोच. त्यात पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, म्हणून तासाचे काम काही मिनिटांत होते. मात्र थेट कुकरमध्ये डाळ शिजवावयाची असेल तर तो निम्म्याहून अधिक भरू नये. डाळीचा फेस वर येऊन वाफेचे तोंड बुजविण्याचा धोका असतो. थेंबभर तेल टाकले तर फेस आवरतो.

तिसरी गोष्ट आंबटाची. चिंच, कैरी, टोमॅटो, आमसूल यांतील आम्लही पेक्टिनला विरघळू देत नाही. म्हणून ज्या ज्या प्रांतात डाळ आंबट करतात, तेथील जाणत्या बायका आंबट मागाहूनच घालतात. मराठी आमटीत डाळ शिजवून घोटल्यावर चिंचेचा कोळ, गूळ आणि गोडा मसाला पडतो. हैदराबादी खट्टी दालमध्ये हळद, आले-लसूण व मिरचीबरोबर डाळ अगदी गाळ होईपर्यंत शिजवितात, मग चिंच घालतात, आणि शेवटी जिरे, लसूण, कढीलिंब व लाल मिरचीचा बघार देतात. तेलंगणात कोवळा चिंचेचा पाला, अंबाडी किंवा चुका घालून पप्पु करतात, तेथेही डाळ आधी मऊ झालेली असावी लागते. आणि मुद्दपप्पुला तर आंबट लागतच नाही. ती घट्ट तूरडाळ तूप आणि आवकायच्या लोणच्याबरोबर भातावर घेतात. आपल्या साध्या वरणाचीच ती सख्खी बहीण. रीती वेगळ्या असल्या तरी नियम एकच आहे.

तुरीहून अगदी निराळी प्रकृती मसुरीची. सोललेली मसूर केशरी दिसते आणि शिजली की पिवळी होते. सर्व डाळींत शिजण्यास तीच सर्वांत चपळ. न भिजविता वीस-पंचवीस मिनिटांत, साध्या पातेल्यात, थोड्या सरपणावर ती तयार होते. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव शिकारीहून थकून येतो आणि धाकट्या भावाने, याकोबाने, शिजविलेल्या मसुरीच्या कालवणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकतो. त्या कथेचा बोध काहीही असो, भुकेल्या माणसाला आयत्या वेळी तृप्त करणारी डाळ कोणती, हे त्या कथाकारास पक्के ठाऊक होते. हैदराबादेत सकाळच्या न्याहारीची खिचडी बहुधा मसुरीचीच असते, आणि तिच्याबरोबर तीळ-चिंचेचा खट्टा व खिमा येतो. अनेक मराठी घरांत मसुरीला दुय्यम मानण्याची चाल आहे. तिला आधार नाही. प्रथिनांच्या बाबतीत ती तुरीच्या किंचित पुढेच आहे.

मूग हा सर्वांत सौम्य. आजाऱ्याला, बाळंतिणीला, लहान मुलाला मुगाचे कढण द्यावे हे आजीबाईंचे शास्त्र आणि आजचे शास्त्र यांचे येथे एकमत आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही शर्करा असतात. माणसाच्या आतड्यात त्या पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्यांवर जगतात आणि वायू निर्माण होतो. मुगात हा त्रास कमी आणि मोड आणल्याने तो आणखी घटतो. अख्खे मूग आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधून ठेवले की दुसऱ्या दिवशी मोड येतात. कोरड्या डाळीत नावालाही नसलेले क जीवनसत्त्व मोडांत तयार होते, आणि त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. फक्त मोड फार शिजवू नयेत. वाफेवर ठेवून वर लिंबू पिळावे. तेलुगू घरांतील पेसरट्टु हा भिजल्या मुगाचाच डोसा. त्याचे पीठ आंबवावे लागत नाही, म्हणून सकाळच्या घाईत तो सोयीचा.

हरभऱ्याची डाळ ही सर्वांत हट्टी. ती निदान तासभर भिजवावीच लागते. हैदराबादी दालचात ती मटण आणि दुधी भोपळा यांच्या सोबत असते. तिचा दाणा तेथे पुरता मोडत नाही, आणि तो तसा राहणे हीच दालचाची शोभा. पुरणात मात्र ती बोटाने सहज चिरडेल इतकी शिजली पाहिजे. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीचे पाणी काढून त्याची कटाची आमटी करण्याची मराठी रीत फार शहाणपणाची आहे. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे मोरीत न जाता ताटात येतात.

उडदाचे काम वेगळेच. त्याच्या डाळीत एक चिकट द्रव्य असते. तांदळाबरोबर वाटून रात्रभर ठेवले की आपोआप वाढणारे सूक्ष्म जंतू वायू सोडतात, आणि तो वायू त्या चिकटपणात अडकून इडली फुगते. उडीद कमी पडला तर इडली दगडासारखी होते, त्याचे कारण हेच. हुलग्याला, म्हणजे कुळथाला, कोणी फारसे विचारीत नाही. बैलांना उकडून घालावयाचे धान्य अशी त्याची ओळख. पण आंध्रात त्याच हुलग्याचे काढलेले पाणी आटवून, चिंच घालून, उलवचारु करतात आणि पाहुण्यांना आवडीने वाढतात. मराठवाड्यात त्याच्या पिठाचे शेंगुळे होतात. हुलग्याच्या १०० ग्रॅममध्ये २७० ते २९० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ चौपट. जे बैलाच्या अंगी लागते ते घरच्या मुलाबाळांच्या अंगी का लागू नये?

ही सारी ओळख कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर बाजारात मिळते. २०१५ च्या ऑक्टोबरात तुरीची डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय होतो: वरणात पाणी वाढते. पूर्वी वाटीत चमचा उभा राही, तेथे आता वाटीचा तळ दिसू लागतो. पाणी वाढविल्याने वाढप वाढते, पोषण वाढत नाही. आणि याची झळ प्रथम लागते ती वाढत्या मुलांना, गरोदर स्त्रीला आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या माउलीला. तूर महागली म्हणून डाळच कमी करणे, हा एकाच डाळीची सवय असलेल्या घराचा नाइलाज आहे. ज्या घराला पाच डाळींचे स्वभाव ठाऊक आहेत ते घर त्या महिन्यात मसूर आणील, तुरीत मूग मिसळील, आठवड्यातून दोनदा हुलगा करील.

डाळीची ही किंमत शास्त्राने मोजलेली आहे, आणि त्या मोजणीचे एक मोठे ठिकाण हैदराबादच आहे. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी जे छोटे काम सुरू केले, त्यातून वाढलेली संस्था १९५८ साली हैदराबादेत आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये मोजून त्यांची कोष्टके तिने प्रसिद्ध केली. त्यांवरून दिसते की १०० ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, तर तितक्याच डाळीत साधारणपणे २० ते २५ ग्रॅम. पण महत्त्वाची गोष्ट याहून पुढची आहे. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि डाळीत भरपूर. उलट मेथिओनिन डाळीत कमी आणि धान्यात पुरेसे. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरणभात, पोळी-आमटी, खिचडी, इडली या जोड्या आपल्या पूर्वजांनी चवीने आणि अनुभवाने जमविल्या. त्यांचे मर्म मागाहून प्रयोगशाळेत उलगडले. तीन वाट्या तांदळास एक वाटी डाळ हे खिचडीचे प्रमाण म्हणूनच मोडू नये. संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या थाळीत २५० ग्रॅम धान्याला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत. मांस, मासे वा अंडी खाणाऱ्यास त्यांतील काही भाग त्यांतून घेता येतो. किती घरांच्या ताटात एवढी डाळ पडते, हे ज्याने त्याने आपल्या डब्यात मापटे घालून पाहावे.

स्वस्त डाळ शोधताना एका डाळीविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. ती म्हणजे लाख किंवा लाखोळी, हिंदीत खेसारी. विदर्भात व मध्य भारतात दुष्काळी जमिनीतही ती येते आणि दिसण्यात तुरीच्या वा हरभऱ्याच्या डाळीसारखी असते. तिचा दाणा पाचरीसारखा, कोनाकृती असतो, एवढी खूण लक्षात ठेवावी. दुष्काळात महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय कायमचे लुळे पडलेली माणसे या देशाने पाहिली आहेत. त्या विषारी द्रव्याचा शोध भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली लावला. त्यापूर्वीच, १९६१ पासून, अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी येऊ लागली होती. भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिल्यास विषाचा बराच अंश जातो. पण सुटे बेसन किंवा अनोळखी सुटी डाळ केवळ दोन पैसे कमी म्हणून घेणे शहाणपणाचे नव्हे. हरभऱ्याची डाळ घेऊन डोळ्यांदेखत दळून आणावी, हे बरे.

शेवटी एका साध्या पदार्थाचा उल्लेख केला पाहिजे. हैदराबादच्या पोषणशास्त्रज्ञांनी कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण तयार केले. ते वैद्यकाच्या पुस्तकांतून 'हैदराबाद मिक्स' या नावाने ओळखले जाते. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभऱ्याचे डाळे १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. इतक्यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. यात परदेशी डबा नाही, औषध नाही. खेड्यातल्या कोणत्याही वाण्याकडे मिळणारे जिन्नस आहेत. अगदी बारीक दळून, पाण्यात किंवा दुधात कालवून ते मुलाला भरवावे. मूल फारच खंगलेले असेल तर आधी डॉक्टरांस दाखवावे, हे ओघानेच आले.

हैदराबादेत रमजानच्या हलीममध्ये गव्हाबरोबर डाळ असते. ख्रिस्ती घरांत उपासकाळाच्या शुक्रवारी मांसाची जागा डाळ घेते. श्रावणी शुक्रवारी पुरण शिजते, तेही डाळीचेच. धर्म निराळे, भाषा निराळ्या, तरी चुलीवरचे पातेले सर्वांकडे सारखेच फदफदते. त्या पातेल्यात काय पडते, किती पडते आणि कसे शिजते, यावर त्या घरातील मुलांची वाढ अवलंबून असते. महिन्याची यादी करताना तुरीच्या खाली मसूर, मूग आणि हुलगा ही तीन नावे लिहिली, तरी पुढच्या भाववाढीत वरण पातळ करण्याची पाळी येणार नाही.